हरवलेली काठी

राखीव माळरानावरच्या चार घरांच्या वाडीत मेव्हिस तीन आठवड्यांनी इस्पितळातून परतली, तेव्हा फाटक उघडायला शेजारचा क्लिफर्ड लंगडत आला. “काठी कुठंय रे तुझी?” “हरवली कुठंतरी. तुझं गवत मात्र कापून, वाळवून कोठारात टाकलंय.” कुरणातल्या गवतात, जमिनीवरच, कर्ल्यू पाखराचं घरटं होतं. पाखरांपुरतं गवत मेव्हिस दरवर्षी न कापता राखायची आणि क्लिफर्ड टोमणा मारायचा, “हिवाळ्यात मेंढ्यांना काय अंडी चारणार?” यंदाची घरट्याची जागा त्याला सांगायची राहूनच गेली होती. ती तशीच कुरणाकडे वळली. मधोमध खाटेएवढं गवत उभं होतं, शेजारी रोवलेली क्लिफर्डची काठी. गवतातून बाकदार चोच वर आली, खाली गेली. “हरवली म्हणे,” मेव्हिस मागून आलेल्या क्लिफर्डला म्हणाली. “पिल्लं निघेपर्यंत हरवलेलीच आहे,” तो पुटपुटला. मेव्हिसने हात पुढे केला. “मग तोवर हा धर.”