केसभर फट

कपाटाचं दार वाकडं झालं की सुतारबुवा म्हणायचे, "माझा हात सरळ आहे, ज्यावर लाकूड तासतो ते हे टेबलच वाकडं!" शेवटी वैतागून त्यांनी ते टेबल तोडून चुलीत घातलं.

मग नव्या टेबलासाठी जाड फळ्या जोडल्या. स्वतः घडवलेली लाकडी पट्टी त्यांवर उभी-आडवी ठेवायची, खालून उजेड दिसला की पुन्हा रंधा मारायचा, असं वीस दिवस चाललं. चार बोटं जाडी दोन बोटांवर आली, तेव्हा कुठे उजेड बंद झाला.

"बघ, आहे का कुठे केसभर फट?" त्यांनी मिशीला पीळ देत बायकोला विचारलं.

खुर्चीचे पाय घासता घासता ती म्हणाली,


"फट कशी असेल? ही पट्टीसुद्धा तुम्ही त्या चुलीत घातलेल्या टेबलावरच तासली होतीत ना!"