पाहणीचा दिवस

दुसरा कंत्राटदार स्वयंपाकघराची मापं घेऊन गेला, तरी वडिलांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून ते बसून होते. मीटर वाचायला आलेल्या माणसालाही पाणी पाजल्याशिवाय आणि त्याची पोरं कितवीत आहेत ते विचारल्याशिवाय सोडत नसत, ते हेच.

लेकीने या कामासाठी नेमलेल्या सल्लागाराने तसं बजावलंच होतं. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मंजूर झालं होतं. तिन्ही कंत्राटदारांनी त्याच कामाचे आपापले दर बंद पाकिटात द्यायचे आणि पाकिटं एकदमच उघडायची, ही त्याची पद्धत. पाहणीच्या दिवशी घरच्यांनी गप्पा मारायच्या नाहीत. कुणाला घाई आहे, कुणाला काय आवडतं, हे एकदा कळलं की दर फुगतात. "भिंती बोलल्या तरी चालेल काका, तुम्ही नको," तो हसत म्हणाला होता.

वडिलांनी मुकाट्याने मान्य केलं. कारण लेकीने त्याआधीच गच्चीचा विषय काढला होता. काही वर्षांपूर्वी, सकाळी फिरताना ओळख झालेल्या एका गवंड्याला वडिलांनी गच्चीचं काम नुसत्या शब्दावर देऊन टाकलं होतं. पुढच्या पावसाळ्यात आईने घरभर पातेली मांडली. मग घरात त्याची थट्टाच झाली. आई होती तोवर वडीलही त्या थट्टेत हसत. या वेळी लेक हसली नव्हती.

"बाबा, या कामाला माणूस नेमू या. गच्चीसारखं नको व्हायला."

वडील बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, खरंय तुझं, माझे हात पोळले तेवढे पुरेत.

तिसरा कंत्राटदार बोलका होता. स्वयंपाकघराची खिडकी दाखवून त्याने थेट वडिलांनाच विचारलं, ही जरा खाली घेऊ का, बसल्या बसल्या रस्ता दिसेल तुम्हाला. वडिलांनी खिडकीकडे पाहिलं. मग सल्लागाराकडे बोट केलं.

"मला नका विचारू. मी गच्चीवाला."

सगळे हसले. लेकही हसली. निघताना तिने वडिलांना शाबासकी दिली, आज अगदी शहाण्यासारखे वागलात म्हणाली. चहा टाकतो, असं ते दोनदा म्हणाले. तिने गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं. गाडीला पुष्कळ अवकाश होता. तो वेळ तिने स्टेशनच्या बाकावर पुस्तक वाचत काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील उठले नाहीत. शेजारणीने दार वाजवून पाहिलं, शेवटी आपल्याकडच्या किल्लीने उघडलं. झोपेतच गेले, काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्या प्रत्येकाने लेकीला तेच सांगितलं. शिवाय हेही, की तिने त्यांच्यासाठी किती केलं. म्हातारपणी घर नीट व्हावं म्हणून डोक्यावर कर्ज घेतलं, वर जाणता माणूस नेमला. आजकाल कोण करतं? ती मान हलवत राहिली. मान हलवायला काही लागत नाही.

माणसं पांगल्यावर सल्लागार आला. काम करायचं की कर्ज रद्द करायचं, ते बँकेला कळवायला हवं होतं. त्याने तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली, पण उघडायची घाई केली नाही. तिने चहा केला. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला शोधावं लागलं.

अर्धा कप संपल्यावर तो म्हणाला, एक निरोप राहिलाय. पाहणीच्या दिवशी ती गेल्यावर काकांनी त्याला थांबवून घेतलं होतं. काम पुरं झालं की मगच सांगा, आधी नको, असं बजावलं होतं. आता कसलं पुरं होणं, तेव्हा आजच सांगून टाकतो.

"म्हणाले, 'तिला सांगा, या वेळी मी कुठेच घोळ घातला नाही. आता येत जा म्हणावं.'"

तिने तिन्ही पाकिटं एकावर एक सरळ रचली. आपण उगाच सांगितलं असं वाटून सल्लागार समजूत घालू लागला. काका फार भोळे होते, मॅडम. असा माणूस मधे बोलला की कामाचा विचका होतो, मी रोज बघतो. तुम्ही त्यांना लांब ठेवलंत ते योग्यच केलंत, मनाला लावून घेऊ नका.

नेहमीसारखी तिची मान हलणारच होती. तिने ती थांबवली.

"ते घोळ घालतील, असं मला कधीच वाटलं नव्हतं," ती म्हणाली. सल्लागाराने कप खाली ठेवला. "कर्ज माझ्या नावावर; त्याच्या पैशांचा प्रत्येक टप्पा देताना मी किंवा मी नेमलेला जाणता माणूस इथे हजर लागेल, असं बँकेने सांगितलं होतं. आई गेल्यापासून मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. काय बोलायचं तेच कळायचं नाही. गच्चीचं नुसतं निमित्त होतं. मला यायला लागू नये, म्हणून मी तुम्हाला नेमलं."