याल्मारचा आंधळा

ईनॉकचे डोळे गेले त्या सकाळी याल्मारनं उरलेली व्हिस्की बर्फावर ओतली आणि रिकामी बाटली ओढ्यात भिरकावली.

डेलिया खोपटाच्या दारात उभी होती. ओढ्याच्या तोंडाशी तिची खाणावळ होती. ईनॉकचं कळल्यावर ती पाव घेऊन वर आली होती.

"याआधीही ओतली होतीस," ती म्हणाली.

"याआधी मला कुणाला भरवायचं नव्हतं," याल्मार म्हणाला.

आदल्या वर्षी क्लोंडाइकच्या सोन्यासाठी अर्धं जग उत्तरेला धावत सुटलं, त्यात हे दोघं होते. याल्मार नॉर्वेचा. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ नील्स. ईनॉक नोव्हा स्कोशियाचा कोळी. तळ्याकाठी होड्या बांधताना तिघांची गाठ पडली आणि ते एकाच होडीतून निघाले. घळीतल्या धारेत होडी उलटली. फेसात याल्मारच्या हाताला एक कॉलर लागली. ती धरून त्यानं त्या माणसाला काठावर ओढलं. तो ईनॉक होता. नील्स कधीच सापडला नाही.

आपण कुणाला ओढतोय असं त्या वेळी वाटलं होतं, हे याल्मारनं कधी सांगितलं नाही. ईनॉकनंही विचारलं नाही.

दोघांनी ओढ्याकाठी सोनं खणायला शेजारीशेजारी खड्डे घेतले. याल्मार दिवसभर खणायचा आणि मग प्यायचा. त्या हिवाळ्यात तो कोट काढून गोठलेल्या नदीवर जाऊन बसायचा. ईनॉक त्याला शोधून, पाठीवर टाकून घरी आणायचा.

मग वसंतात दोघं घसरगाडीवर सामान लादून डॉसनहून परत आले. लख्ख ऊन, खाली नजर पोचेल तिथवर बर्फ. त्या आठवड्यात बर्फावरून डोळ्यांत येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीनं खोऱ्यातल्या बऱ्याच जणांचे डोळे गेले. डोळ्यांवर चहाच्या चोथ्याची पट्टी बांधून ते पडून राहिले आणि थोड्याच दिवसांत उठून कामाला लागले. ईनॉकची पट्टी सुटली, पण काही दिसत नाही, असं तो म्हणाला.

"दिसतंय का रे काही?" याल्मार रोज सकाळी विचारायचा.

"नाही रे बाबा."

"बरं. ऊठ. चहा झालाय."

याल्मार बदललाच. त्यानं खोपटापासून ओढ्यापर्यंत दोर बांधला, ईनॉकला धरून चालता यावं म्हणून. तो त्याचे केस कापी, केसाएवढा काटाही माशातून काढून देई. जुनं वर्तमानपत्र वाचून दाखवी. ते संपलं की मनच्या बातम्या रचून सांगे. त्याच्या बातम्यांत कुठल्या ना कुठल्या राणीचं लग्न हमखास मोडायचं. संध्याकाळी तो ईनॉकच्या तळहातावर सोन्याची रवाळ भुकटी ओतायचा.

"बघ. आज चांगलं लागलं. जड आहे ना?"

"आहे खरं," ईनॉक खुशीत म्हणायचा.

भुकटी रोज तीच असायची. त्यांचे खड्डे केव्हाच कोरडे पडले होते, हे डेलियाला माहीत होतं.

"फसवतोस कशाला त्याला?" तिनं एकदा याल्मारला गाठून विचारलं.

"त्याच्याकडं दुसरं आहे काय, डेलिया?"

पुढं बातमी आली की नोमच्या किनाऱ्यावर वाळूतच सोनं पडलंय. खोरं रिकामं व्हायला लागलं. होड्या भरभरून माणसं नदीनं खाली निघाली. "चल की रे!" सगळे याल्मारला हाका मारत होते. तो काठावर उभा राहून हात हलवत राहिला.

डेलियाला ते बघवेना. ती तरातरा खोपटात गेली. ईनॉक बटाटे सोलत बसला होता.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "मी सांभाळते तुला. तुझ्यापायी त्याचा जन्म कुजतोय इथं."

"तिकडं एकटा काय करेल तो?"

"माणसं एकटी जगतात, ईनॉक!"

"काही जगतात," ईनॉक म्हणाला आणि त्यानं पुढचा बटाटा घेतला.

इतका आपमतलबी माणूस डेलियानं पाहिला नव्हता. पुढचे बरेच दिवस तिनं वर पाव पाठवला नाही.

वर्षं गेली. दारूच्या गुत्त्यांची छपरं बसली, मातीच्या ढिगांवर विलोची झुडपं माजली. लोक खोऱ्यात शिल्लक राहिलेल्यांची नावं घेताना 'याल्मार आणि याल्मारचा आंधळा' असं म्हणायचे. उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नावच घेत नसे. तेव्हा दोघं दारात बसायचे. याल्मार पेटी वाजवायचा, ईनॉक गायचा.

"आठवतं? त्या उतारावर किती चुली पेटायच्या," ईनॉक म्हणायचा. "आणि तो स्वीडनचा माणूस, पहिलं सोनं लागलं तेव्हा गाढवाचे मुके घेत सुटला होता."

"गाढवानं तोंड फिरवलं होतं," याल्मार म्हणायचा. "आणि आंधळ्या, तू बेसूर गाऊ नकोस मध्येच."

"सूर काय डोळ्यांनी लावतात?"

ते हसणं खाली खाणावळीपर्यंत ऐकू यायचं. डेलिया हातातलं काम ठेवून ऐकत राहायची. इतक्या गर्दीतून एवढाच आवाज मागं उरला होता.

याल्मार एका वसंतात झोपेतच गेला. दाढी पांढरीशुभ्र झाली होती. व्हिस्की बर्फावर ओतली त्या सकाळनंतर दारूचा थेंब त्याच्या ओठाला लागला नव्हता. उरलेल्या चार म्हाताऱ्यांनी त्याला उतारावर पुरलं आणि ते आपापल्या वाटेनं गेले.

डेलियाचं रडणं थांबत नव्हतं.

"देवमाणूस होता," ती म्हणाली. "तुझ्यासाठी सगळ्यावर पाणी सोडलं त्यानं."

"हो," ईनॉक म्हणाला. "देवमाणूस होता."

"आता माझ्याकडं चल. एकटा कसा राहशील?"

तिनं त्याचा हात धरला आणि त्याला सांभाळत ती ओढ्याकडं उतरू लागली. डोळे भरून आल्यानं तिला पुढची वाट धड दिसत नव्हती. मध्येच ईनॉक थांबला आणि त्यानं तिला अलगद मागं ओढलं.

"डोळे पूस, डेलिया," तो हळूच म्हणाला. "पलीकडच्या काठावर अस्वलीण आलीय पाण्यावर, दोन पिल्लं घेऊन. जरा थांबू. जाऊ दे त्यांना."