तिसऱ्या महिन्याआधी

“निदान कंदी तरी मागवायचे,” पेढ्यांचा खोका उघडत सासूबाई पुटपुटल्या.

पेढे मागवले होते घरातल्या हुशार संडासाने. वृंदाला दिवस गेल्याचं त्याने तिच्याआधी ओळखलं आणि अख्ख्या गोतावळ्याला कळवूनही टाकलं. पूर्वी तीन महिने कुणाला सांगत नसत. तेवढ्या काळात बाईला गुपचूप आपलं काय ते ठरवता यायचं. आता दवाखान्यातलं यंत्र गोतावळ्याचा होकार असल्याशिवाय गोळी देत नव्हतं. तो होकार ज्यांनी द्यायचा, ती थोर मंडळी भिंतीवरच्या पडद्यावर बारशाचा बेत ठरवत होती.

“वृंदा जरा दमलीय,” नवऱ्याने पेढा चघळत कसाबसा विषय काढला.

“दमणारच. डोहाळे कडक दिसतायत,” पडद्यावरून नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या.

वृंदाने खोका मिटला.

“मी दमलेली नाही, आत्या. मला गर्भपात करायचाय.”