पंपाचं तोंड

"हौद तापवायला गॅस नको बाई. मुलं खेळणार तिथे सिलिंडर कशाला?" सून म्हणाली.

"मग छपरावर काळ्या नळ्यांच्या चटया टाकू. पाणी उन्हातून फिरून येईल, आपसूक तापेल," मुलगा म्हणाला.

"आणि ढग आले की?"

मागच्या अंगणात पोहण्याचा हौद उभा केल्यापासून हे घोंगडं भिजत पडलं होतं. हौद खणलेला नव्हता, जमिनीवरच मांडलेला, पत्र्याच्या कड्याचा, छातीएवढ्या पाण्याचा. पहिल्या दिवशी मुलांनी धडाधड उड्या मारल्या आणि जांभळ्या ओठांनी रडत बाहेर आली. तेव्हापासून त्यात फक्त पानं पोहत होती.

आबा आपल्या खोलीच्या खिडकीत बसून सगळं ऐकत होते. आबा म्हणजे मुलाचे वडील. जन्मभर बस चालवलेला माणूस. आता अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर उजवा पाय नुसता खुर्चीवरून लोंबत असे. डॉक्टर म्हणाले होते, रोज कोमट पाण्यात उभं राहून पाय हलवलात तर काठी घेऊन चालाल. त्यावर मुलगा पटकन बोलून गेला होता, "अहो, हौद तर आमच्या अंगणातच आहे!" बोलणारा बोलून गेला. आबांनी मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं.

"पंप घ्या रे," ते खिडकीतून म्हणाले. "परवा तूच वाचून दाखवत होतास ना? हवेतली ऊब ओढतो आणि पाण्यात सोडतो. सावकाश तापेल, पण तापलेलं राहील. मला काय, रोजच लागणार."

मुलाने सुनेकडे पाहिलं. सुनेने हौदाकडे पाहिलं.

"हो, हो. रोजच," मुलगा म्हणाला.

घरात आपलं मत कोणी मानलं याला किती काळ लोटला होता, हे आबांनाही आठवेना. पंप ठरला. म्हातारा एवढ्याशा गोष्टीने हरखून गेला. त्यांनी ट्रंकेच्या तळातून जुनी पोहण्याची चड्डी काढायला लावली. ती कमरेला ढगळ झाली होती, म्हणून नाडी आवळून बांधली. बसल्या जागी ते डावा पाय हलवून बघत आणि उजव्याला दम देत, "थांब लेका, तुलाही बघतो."

सूनही बदलल्यासारखी वाटली. एरवी त्यांच्या कपड्यांना हात न लावणारी ती, दुपारभर त्यांच्या खोलीत सुईदोरा घेऊन बसली. टॉवेलवर, बनियनवर, पायजम्यांवर लाल दोऱ्याने त्यांचं नाव घालू लागली.

"मुलांच्या टॉवेलांत मिसळू नये म्हणून ना?" आबांनी विचारलं.

"हो. बदलाबदल होते मग."

"अगं पण स्वेटरवर कशाला? स्वेटर घालून कोण पोहतं?"

आबा आपल्याच विनोदावर खो खो हसले. सून हसली नाही. तिने दाताने दोरा तोडला आणि दुसरा स्वेटर घेतला. किती करते बिचारी, आबांना वाटलं, आणि आजवर तिच्याबद्दल मनात काय काय आणलं याची त्यांना लाज वाटली.

पंप बसवायचा दिवस आला. आबा भल्या सकाळीच चड्डी घालून, टॉवेल खांद्यावर टाकून तयार. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता, त्याच्या आड ते हाक येण्याची वाट बघत बसले. बाहेर मिस्त्रीने पंप हौदाशेजारी ठेवला, नळ्या जोडल्या आणि कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना नजर फिरवली.

"साहेब, याचं तोंड कुठे करायचं? हा ऊब ओढून घेतो आणि उरलेली गार हवा पुढून फेकतो. समोर बसायची जागा नको."

"इकडे नको हं, इथे आम्ही खुर्च्या टाकणार," सून म्हणाली. "आणि तिकडे स्वयंपाकघर."

"मग त्या खिडकीकडे करा," मुलगा म्हणाला.

मिस्त्री घुटमळला. "आत कोणी असतं का? दिवसभर गारठा येईल."

"वडील असतात. पण रविवारी त्यांना वृद्धाश्रमात सोडतोय. मग ती खोली मुलांना कपडे बदलायला होईल."

"मग रविवारपर्यंत उलटं ठेवू का? मी येऊन फिरवून देईन."

"छे हो! दोन दिवसांसाठी तेवढ्या नळ्या पुन्हा कोण सोडवत बसणार?"

मिस्त्रीने खांदे उडवले आणि बटण दाबलं. पंप घुमू लागला. पडदा फुगून वर आला आणि गार हवेचा झोत आबांच्या उघड्या मांड्यांवर आदळला. खिडकी लावायची तर उभं राहायला हवं होतं. त्यांनी पलंगावरच्या घड्यांमधला हाताला लागला तो स्वेटर ओढला. गळ्यापाशी लाल दोऱ्याने त्यांचं नाव होतं, टाके अगदी नीट, घट्ट.

बदलाबदल कोणाच्या स्वेटरशी होणार होती, ते त्यांना आता कळलं. चड्डीवर त्यांनी तो स्वेटर चढवला.