हिरामणचा शब्द

"हिरामण, तू काय ते सांग. तू म्हणशील तसं," नामा म्हणाला आणि सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं.

शिळफाट्यावर मोतीबाईच्या हॉटेलात खालापूरच्या हुतुतू संघाची माणसं सकाळपासून बसून होती. लढाईचे दिवस होते. साखर मिळत नव्हती, आणि गुळाचा चहा कपातच निवत चालला होता. उद्या कर्जतच्या जत्रेत शेवटचा सामना होता आणि आज वाल्मिकवर आळ आला होता.

वाल्मिक खोपोलीच्या वीजघरात कामाला होता. तो चढाईला गेला की समोरच्या गड्यांचे पाय आपोआप मागे सरत. त्याच्याच जिवावर संघ इथवर आला होता. आणि आता त्याची बायको इंदू घर सोडून कर्जतला मावशीकडे गेली होती. नवऱ्याने मारून तिचा हात मोडला, असं मावशी अख्ख्या कर्जतात सांगत होती. तिथल्या पंचांनी संघाचा कप्तान म्हणून नामाला निरोप धाडला होता, की ही गोष्ट खोटी असेल तर बाईने स्वतः तसं सांगावं. नाहीतर वाल्मिकने मैदानात पाऊल टाकू नये.

हॉटेलात नुसता कालवा चालला होता. कुणी म्हणे हा कर्जतवाल्यांचाच डाव. मैदानात जमत नाही म्हणून बाईला पुढं केली. कुणी म्हणे नवराबायकोची कुरबुर कुठल्या घरात नसते, तिचा खेळाशी काय संबंध? जो गडी पडलेल्या माणसाला हात देऊन उठवतो, तो बायकोवर हात टाकेल का, असं एका म्हाताऱ्याने विचारलं आणि बऱ्याच माना हलल्या.

पदू संघातला पकड करणारा गडी. त्याचं म्हणणं होतं की खरंच मार पडला असता तर इंदू आधी माहेरी गेली असती. हे तो मोठ्याने बोलला. मग हिरामणकडे नजर गेली तसा त्याचा आवाज खाली आला. पण मुद्दा सगळ्यांना पटला.

मोतीबाई तेवढी चुलीपुढून उठून आली.

"मी पाणवठ्यावर तिची पाठ बघितलीय," ती म्हणाली. "हिरामणभाऊ, तुमाला ठाव नाय, असं कसं व्हईल?"

हिरामणने कप खाली ठेवला. त्याची बोटं चिकट झाली होती, ती त्याने धोतराला पुसली.

"वाल्मिकला मी वळखतो," तो म्हणाला.

तो ओळखतच होता. चिखलात भात लावणाऱ्या या पोराचे पाय बघून त्याला मैदानावर आणलं होतं ते हिरामणनेच. त्याचं लग्न जमवलं तेही त्यानेच. संघ कुठेही खेळायला जावो, हिरामण रेघेजवळ बसलेला असायचा आणि वाल्मिक दम धरून आत शिरला की ह्याचाही श्वास अडायचा. त्यामुळे हिरामण बोलला म्हटल्यावर विषय मिटला. मोतीबाई चुलीकडे परत गेली.

त्यानेच कर्जतला जावं आणि इंदूला पंचांपुढे उभं करावं, असं ठरलं. तिची आई मागेच वारली होती. समजवायला दुसरं कोण जाणार, असं नामाने विचारलं.

बाहेर वाल्मिक वडाखाली उभा होता. तो वाकून हिरामणच्या पाया पडला.

"मामा, तुमी सांगितलंत तर ऐकंल ती."

हिरामणने मान हलवली आणि स्टेशनची वाट धरली.

गाडीत त्याचं लक्ष लागेना. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता आणि जुळवलेलं पुन्हा पुन्हा मोडत होतं. फडक्यात बांधलेली भाकर सोडवत नव्हती. समोरच्या बाकावरच्या माणसाने, खालापूरचे का, म्हणून विचारलं. आणि मग, तो वाल्मिक खरंच बायकोला मारतो का?

"मला काय ठाव," हिरामण म्हणाला. मग कर्जत येईपर्यंत तो खिडकीकडे तोंड करून बसला.

मावशीचं घर नदीकडच्या आळीत होतं. अंबाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. तिने त्याला लांबूनच ओळखलं, पण या म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. सूप बाजूला ठेवून तिने आत हाक मारली आणि स्वतः दारात उभी राहिली.

इंदू बाहेर आली. उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधून तो लुगड्याच्या चिंधीने गळ्यात अडकवला होता. डाव्या हाताने तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. तहान नसताना हिरामण ते सगळं पाणी प्यायला. त्या हाताकडे बघायचं टाळून तो अंगणाकडे बघत बोलू लागला.

पंच वाट बघतायत, तो म्हणाला. सगळ्या खालापूरचं नाव पणाला लागलंय. पोराकडून रागाच्या भरात झालं असेल, मनाने तो वाईट नाही. एवढा सामना होऊ दे.

"विहिरीवर पाय घसरला म्हण," तो शेवटी म्हणाला. "एवढंच. मग मी सोता त्याला समजावतो. पुन्यांदा हात लावायचा नाय तो. माझा शब्द हाय."

इंदूने रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला. ती रडली नाही, तिचा आवाजही चढला नाही.

"दिवाळीत मी तुमच्या दारात आले, तवाबी हाच शब्द दिला होता," ती म्हणाली. "आन् त्याच सांजेला मला त्याच्या घरी सोडून आलात, बाबा."