चौदाचा पीळ

विल्मरने बंदुकीच्या दुकानाचं दार एका हाताने उघडं धरलं आणि दुसऱ्या हाताने टोबिनला आत लोटलं.

"लव्हॉन, आमच्या जावईबापूंसाठी रायफल बांधायची आहे," तो म्हणाला. "माझ्याकडून भेट. कॅलिबर, नळी, सगळं त्याच्या मनासारखं. मी मध्ये तोंड घालणार नाही."

आणि तो रस्त्यापलीकडे न्हाव्याकडे निघून गेला. अर्ध्या तासात परततो म्हणाला.

टोबिन काउंटरपाशी उभा राहिला. लव्हॉन साठीची बाई. नवऱ्यामागे वीस वर्षं तिनेच दुकान चालवलं होतं, आणि साउथ डकोटाच्या त्या कोपऱ्यातल्या निम्म्या रायफली तिच्या हातच्या होत्या. तिने तीन नळ्या फडक्यावर मांडल्या आणि विचारलं, मारायचं काय?

"प्रेअरी डॉग," टोबिन म्हणाला. "विल्मरच्या कुरणात."

म्हणजे कुरणात बिळं करून राहणारं, खारीच्या जातीचं जनावर. मुठीएवढं लक्ष्य, दोन-तीनशे यार्डांवर, आणि वारा कायमचाच. तिने सवयीने समजावलं. टू-ट्वेंटी-थ्री कॅलिबरची घेतलीस तर धक्का कमी, दिवसभर मारत बसता येतं. ट्वेंटी-टू टू-फिफ्टी जास्त वेगवान, पण नळी लवकर तापते. खरा प्रश्न नळीतल्या पिळाचा, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचांचा. गोळी जड हवी असेल तर ती लांब असते, आणि लांब गोळी सरळ जायला नळीने तिला भरभर फिरवावं लागतं. तिला आठ इंचांत एक फेरा देणारी नळी लागते. चौदा इंचांत एक फेरा देणारी नळी फक्त हलक्या गोळीची.

टोबिन ऐकत होता. हे सगळं त्याला पाठ होतं. गेला आठवडाभर त्याने दुसरं काही वाचलंच नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी विल्मरच्या मुलीशी, करीनशी, लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यावर छाप पाडायला तो बोलून गेला होता, की आपल्याला शिकार फार आवडते. त्याआधी त्याने बंदूक हातातही धरली नव्हती. विल्मरने लगेच त्याला कुरणात नेलं आणि घरातली जुनी रायफल दिली. त्या रायफलीचा नेम इतका पक्का, की पहिल्याच गोळीला बिळाच्या तोंडाशी उभं असलेलं जनावर उडालं. शेजारचं दुसरं पळालं नाही. ते जवळ येऊन त्याला हुंगत राहिलं. टोबिन त्या रात्री जेवला नव्हता.

तेव्हापासून दर मे महिन्यात तेच. मुद्दाम चुकवावं तर शेजारी दुर्बीण लावून बसलेला विल्मर काळजीने विचारायचा, बरं नाही का, घरी काही झालंय का? मग पुढची गोळी लागायची. विल्मर स्वतः मारायचा तेव्हा टोबिन डोळे मिटून घ्यायचा. बार व्हायचा, विल्मर "गेला" म्हणायचा, आणि टोबिन मान डोलवायचा.

दोन वर्षांपूर्वी करीन वारली. विल्मरने गुरं विकली. आता हिवाळ्यात त्याचा फोन आला तर तो एवढ्यासाठीच, की यंदा कुरणात कधी यायचं.

"मग?" लव्हॉनने विचारलं.

"ट्वेंटी-टू टू-फिफ्टी," टोबिन म्हणाला. "चौदाची नळी. आणि गोळी ऐंशी ग्रेनची."

तिला वाटलं, बोलण्यात चूक झाली. ऐंशी ग्रेनची म्हणजे जडच, ती या नळीतून आडवी होईल, तिने सांगितलं. कोलांट्या घेत जाईल. शंभर यार्डांवर गोठ्याची भिंतसुद्धा चुकेल.

"माहीत आहे मला," टोबिन म्हणाला. "काडतुसं तुम्हीच भरून द्या. डब्यावर मात्र हलक्या गोळीचा आकडा लिहा."

लव्हॉनने हातातलं फडकं खाली ठेवलं. तिने हलकेच विचारलं, त्याला सरळ सांगून का टाकत नाहीस?

"काय सांगू? बारा वर्षं खोटं बोललो म्हणून?" टोबिन म्हणाला. "त्याला आता दुसरं काही उरलं नाही हो. मी नाही म्हटलं तर तो हसेल, पाठीवर थाप मारेल आणि पुन्हा फोन करणार नाही. माझंही त्याच्याशिवाय दुसरं कोण आहे?"

खिडकीतून न्हाव्याचं दुकान दिसत होतं. विल्मर खुर्चीतून उठून मान झटकत होता. टोबिन घाईने म्हणाला, लवकर लिहून घ्या.

लव्हॉनने चौदाची नळी बाजूला काढली आणि चिठ्ठीवर मागणी उतरवून घेतली.

"वेडेपणा वाटत असेल तुम्हाला," तो म्हणाला. "अशी रायफल कुणी मागितली नसेल कधी."

"एकाने मागितली होती. तुझ्या लग्नाच्याच वर्षी."

विल्मर रस्ता ओलांडत होता. टोबिनने तिच्याकडे पाहिलं.

"मी कारण विचारलं," लव्हॉन म्हणाली. "तो म्हणाला, माझ्याच्याने आता जीव घेववत नाही, पण जावयाला शिकारीचं भारी वेड आहे, त्याचं मन कसं मोडू?"